सीपीयू हायचा अलार्म: 80 चा आकडा कुठून आला आणि तो बदलायचा कसा

नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये, नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एक शब्द हमखास शिकतो, तो म्हणजे "सोड". स्क्रीनवर लाल पट्टी येते, सीपीयू युटिलायझेशन हाय, पोरगं दचकून खुर्ची पुढे ओढतं, आणि बाजूचा सिनियर हातातला चहा खाली न ठेवताच म्हणतो सोड रे, रोजचाच आहे तो, पाच मिनिटात जातो आपोआप. आणि खरंच जातो. दोन आठवड्यांनी तेच पोरगं पुढच्या नवीन मुलीला सांगत असतं, सोड गं.

ही "सोड" वाली जी अलार्म असते ना तिच्यावरच हे सगळं लिहितेय. एकतर ती येऊच नये असं करायचं, नाहीतर आली की कोणीतरी उठलंच पाहिजे असं करायचं, मधलं काही ठेवायचं नाही. उदाहरणं सिस्कोच्या स्विच-राउटरची आणि झॅबिक्स या मॉनिटरिंग टूलची घेतलीत कारण माझ्या हाताखाली रोज तेच असतं, पण तुमच्याकडे ऑपमॅनेजर, लिबरएनएमएस, ओपनएनएमएस काहीही असलं तरी विचार तोच लागतो, फक्त मेनू वेगळे. कमांडी आणि फंक्शनची नावं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, राउटरला अजून मराठी येत नाही.

आधी बघा की हा आकडा नक्की कसला आहे

थ्रेशोल्डला, म्हणजे ज्या आकड्याला अलार्म वाजते त्याला, हात लावायच्या आधी हे करा, आणि बरेच जण नेमकं हेच करत नाहीत. "सीपीयू 87 टक्के" असं अलार्ममध्ये लिहिलंय, पण 87 टक्के कधीचे? गेल्या 5 सेकंदांचे, 1 मिनिटाचे की 5 मिनिटांचे? सिस्कोचं डिव्हाइस हे तिन्ही आकडे वेगवेगळे देतं. एसएनएमपी म्हणजे डिव्हाइसला त्याचे आकडे विचारायची पद्धत, त्यात सिस्कोच्या प्रोसेस मिबमध्ये (मिब म्हणजे अशा आकड्यांची यादी) 1.3.6.1.4.1.9.9.109.1.1.1.1 च्या खाली शेवटचा आकडा 6 असेल तर 5 सेकंद, 7 असेल तर 1 मिनिट आणि 8 असेल तर 5 मिनिटं. तुमच्या एनएमएसमध्ये, म्हणजे मॉनिटरिंग टूलमध्ये, त्या आयटमवर जाऊन ओआयडी, म्हणजे हा ठिपक्यांचा लांबलचक पत्ता, उघडा आणि शेवटचा आकडा वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता समजा शेवटी 6 आहे आणि तुमचं पोलिंग, म्हणजे टूलने डिव्हाइसला आकडा विचारणं, दर 5 मिनिटांनी होतंय. म्हणजे 300 सेकंदांपैकी तुम्ही फक्त 5 सेकंद बघताय, उरलेल्या 295 मध्ये काय झालं ते माहीतच नाही. रस्त्यावर दिवसभरात एकदाच खिडकी उघडून बघायचं आणि ट्रॅफिक होता की नव्हता ते सांगायचं, तसलं आहे हे. त्या 5 सेकंदात कोणीतरी राउटरवर रनिंग कॉन्फिग काढत असेल तर 95 दिसणार, आणि तुम्ही टिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, काढणार. मी म्हणेन पोलिंग 5 मिनिटांचं असेल तर 5 मिनिटांच्या सरासरीचा ओआयडी घ्या, 1 मिनिटाचं असेल तर 1 मिनिटाचा. निम्म्या खोट्या अलार्म इथेच जातात, थ्रेशोल्डला हात न लावता.

लिनक्स सर्व्हर एसएनएमपीने बघत असाल तर होस्ट रिसोर्सेस मिबमधला प्रोसेसर लोड हा गेल्या एका मिनिटाची सरासरी देतो आणि तो प्रत्येक कोअरचा वेगळा असतो. इथे दुसरी गंमत. 8 कोअरच्या मशीनवर एकच प्रोसेस एकाच कोअरवर अडकून 100 टक्के खात असेल तर सगळ्यांची सरासरी फक्त 12.5 दिसते. म्हणजे 80 चा थ्रेशोल्ड लावून तुम्ही निवांत, आणि तिकडे ॲप्लिकेशन मेलेलं. जिथे एकाच थ्रेडवर चालणारी कामं आहेत तिथे कोअरवार बघावं लागतं, सरासरी कामाची नाही.

अजून एक, लिनक्सचा लोड ॲव्हरेज आणि सीपीयू टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोडमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसपण मोजल्या जातात, त्यामुळे लोड 20 आणि सीपीयू 15 टक्के असं सहज दिसू शकतं आणि मग सीपीयू टीम आणि स्टोरेज टीम एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

दोन आठवड्यांचा ग्राफ काढा

80 हा आकडा कुठून आला हे विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. टूलमध्ये आधीपासून होता, झालं. झॅबिक्सच्या तयार टेम्प्लेटमध्ये सीपीयूसाठी 90 असतो, बाकी टूल्समध्ये 80, 85, 90 असेच गोल आकडे. ज्याने टेम्प्लेट बनवलं त्याने तुमचं नेटवर्क पाहिलेलं नाही. त्यामुळे तुमच्या डिव्हाइसची रोजची चाल काय आहे ती आधी बघायची, निदान दोन आठवड्यांची, म्हणजे दोन वीकेंड त्यात येतात. अकाउंटिंगवाली सिस्टीम असेल तर महिना अखेर पण आत यायला हवी, कॉलेजचं नेटवर्क असेल तर परीक्षा आणि ॲडमिशनचे दिवस.

डिव्हाइसवरच पटकन बघायचं असेल तर सिस्कोवर शो प्रोसेसेस सीपीयू हिस्टरी मारा. तीन ग्राफ येतात, गेली 60 सेकंद, गेली 60 मिनिटं, गेले 72 तास. त्यात चांदण्या दिसतात त्या त्या वेळचा सगळ्यात जास्त आकडा आणि हॅशचं चिन्ह म्हणजे सरासरी. नवीन माणूस चांदण्या 100 ला टेकलेल्या बघून घाबरतो. बघायचे ते हॅश. हॅश 15-20 वर आणि चांदण्या अधूनमधून 90 वर असतील तर ते डिव्हाइस तब्येतीने ठणठणीत आहे, शिंका येतायत फक्त.

मोठ्या काळासाठी झॅबिक्समध्ये ग्राफ बनवताना पर्सेंटाइल लाइनचा ऑप्शन असतो, तिथे 95 टाका. याचा अर्थ 95 टक्के वेळ सीपीयू या रेषेच्या खाली होता. पण थांबा, 95 वर पूर्ण भरवसा ठेवू नका, हिशोब करून बघा: 24 तासांचे 5 टक्के म्हणजे रोजची 72 मिनिटं. तुमचा रात्रीचा बॅकअप तासभर चालत असेल तर तो त्या 72 मिनिटांत मुकाट्याने लपून बसतो, पर्सेंटाइल म्हणणार सगळं छान, आणि अलार्म मात्र रोज रात्री 2 वाजता वाजणार. म्हणून पर्सेंटाइलसोबत दिवसातल्या कुठल्या तासाला उंचवटा आहे हे डोळ्यांनी बघायचंच. आणि जुना डेटा बघताना लक्षात ठेवा की झॅबिक्स काही दिवसांनी बारीक हिस्टरी टाकून देतं आणि ट्रेंड्समध्ये फक्त तासाचा किमान, सरासरी आणि कमाल ठेवतं, त्यामुळे महिन्यापूर्वीचा ग्राफ नेहमी जास्त शांत वाटतो. तेव्हा शांत होतं असं नाही, सुरकुत्या इस्त्री झाल्यात एवढंच.

सगळ्यांना एकच आकडा लावू नका

इथे खरी मेहनत आहे. डिव्हाइसचे गट पाडायचे आणि गट पाडताना कंपनी-मॉडेल कमी बघायचं आणि हा सीपीयू भरला तर काय बिघडतं हे जास्त बघायचं.

ॲक्सेस स्विच घ्या, म्हणजे लोकांचे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले असतात तो. तिथे ट्रॅफिक फॉरवर्ड करायचं काम हार्डवेअर करतं, सीपीयू फक्त स्पॅनिंग ट्री, एआरपी, तुमचं एसएसएच, एसएनएमपी असली वरवरची कामं बघतो. त्यामुळे सीपीयू 70 वर असला तरी माणसांचं इंटरनेट चालूच असतं. वर कॅटॅलिस्ट 2960, 3750 सारख्या जुन्या स्विचवर हल्क एलईडी नावाची एक प्रोसेस असते, काहीच ट्रॅफिक नसलं तरी ती सतत दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास खात बसते, तो दोष नाही, ती तशीच आहे. नावावरून पोरं हसतात पण दर नवीन बॅचमधलं कोणीतरी त्यावर टिकीट काढतंच.

कोअर राउटर, म्हणजे नेटवर्कच्या मध्यावरचा मुख्य राउटर, वेगळा. तो रोज 15 टक्क्यांवर बसलेला असतो आणि एक दिवस 55 वर गेला तर तुमच्या 80 च्या थ्रेशोल्डला काहीच कळत नाही, पण माझ्या मते 55 हीच मोठी बातमी आहे. काहीतरी बदललंय. राउटिंग हलतंय, किंवा जे पॅकेट हार्डवेअरमधून जायचे ते सीपीयूकडे यायला लागलेत. अशा डिव्हाइसवर आकडा खाली आणायचा असतो, आणि थ्रेशोल्ड ॲडजस्ट करणे म्हणजे नेहमी वाढवणे हा जो समज आहे तो इथे मोडतो. बीजीपी (मोठ्या नेटवर्कनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) चालवणाऱ्या जुन्या आयओएसच्या, म्हणजे सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, राउटरवर दर 60 सेकंदांनी बीजीपी स्कॅनर धावतो आणि पूर्ण रूट टेबल असेल तर ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसतो, ते मात्र नॉर्मल.

फायरवॉलवर मी सगळ्यात कडक असते, कारण तिथे बऱ्याच मॉडेलमध्ये तपासणीचं काम सीपीयूच करतो, तो भरला की लगेच युजरला जाणवतं. बॅकअप सर्व्हर, रिपोर्ट काढणारे सर्व्हर यांचं उलटं, रात्री 100 टक्के चालले तर चांगलंच आहे की, पैसे वसूल. तिथे सीपीयूपेक्षा काम सकाळपर्यंत संपलं का ही अलार्म लावा.

आणि व्हर्च्युअल राउटर-फायरवॉलवाल्यांनी हे नक्की वाचा. डीपीडीके (पॅकेट वेगाने हलवायची सॉफ्टवेअर लायब्ररी) वापरणारी मशीन पॅकेट आलं का आलं का असं सारखं विचारत राहतात, त्यामुळे व्हीएमवेअरच्या बाजूने बघितलं तर त्यांचे कोअर रिकामे असतानाही 100 टक्के दिसतात. त्यावर कुठलाही थ्रेशोल्ड लावला तरी तो चुकीचाच. हायपरवायझरवरची ती अलार्म त्या व्हीएमपुरती बंद करा आणि डिव्हाइसच्या आतून जो डेटा प्लेनचा, म्हणजे खरोखर पॅकेट हलवण्यातला, वापर मिळतो तो मॉनिटर करा.

आता आकडा किती? माझा एक जुगाड आहे, शास्त्र नाही, पण सुरुवातीला चालतो. रोजचा नेहमीचा उंचवटा घ्यायचा, 100 पर्यंत किती जागा उरते ते काढायचं, त्या जागेचा पाव भाग चढवला की वॉर्निंग आणि अर्धा चढवला की क्रिटिकल. उंचवटा 40 असेल तर जागा उरली 60, म्हणजे वॉर्निंग 55 आणि क्रिटिकल 70. उंचवटा 20 असेल तर 40 आणि 60. उंचवटाच 85 असेल तर वॉर्निंग 89 आणि क्रिटिकल 92 असं काहीतरी हास्यास्पद येतं, आणि तो आकडाच तुम्हाला सांगतोय की थ्रेशोल्ड राहू दे बाजूला, आधी डिव्हाइस बदला किंवा काम कमी करा.

किती वेळ वर राहिला ते धरा

एकदाच 90 च्या वर गेला आणि अलार्म वाजली, हे सगळ्यात वाईट सेटिंग. सीपीयू वर जाण्यासाठीच असतो. प्रश्न तो वर राहतो का हा आहे.

झॅबिक्सच्या टेम्प्लेटमध्ये यासाठी मिन फंक्शन 5 मिनिटांवर लावलेलं असतं, म्हणजे गेल्या 5 मिनिटांतला सगळ्यात कमी आकडासुद्धा 90 च्या वर असेल तरच वाजेल. हे चांगलं आहे. बरेच जण तिथे ॲव्हरेज लावतात, पण ॲव्हरेजमध्ये एक 100 आणि आजूबाजूचे 85-88 मिळून पण 90 ओलांडू शकतात आणि मग ग्राफ बघणारा म्हणतो, अरे हा तर सारखा खाली येतोय. लास्ट फंक्शन तर लावूच नका.

पण यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलेय. टेम्प्लेट बनवणाऱ्याने दर 1 मिनिटाला पोलिंग धरलेलं असतं, म्हणजे 5 मिनिटांत 5 आकडे. आपल्याकडे कोणीतरी सर्व्हरवर लोड येतो म्हणून पोलिंग 5 मिनिटांचं करतं आणि ट्रिगर, म्हणजे अलार्म कधी वाजवायची तो नियम, तसाच ठेवतं. मग त्या 5 मिनिटांच्या खिडकीत आकडा येतो एकच, एका आकड्याचा मिन म्हणजे तोच आकडा, झालं तुमचं लास्ट फंक्शन, कागदावर मात्र मिन लिहिलेलं. पोल जरा उशिरा आला तर खिडकीत आकडाच नसतो आणि ट्रिगर अननोन होऊन बसतो. म्हणून पोलिंग बदललं की खिडकी पण बदला, किंवा वेळेऐवजी शेवटचे 3 आकडे असं मोजा, झॅबिक्समध्ये हॅश आणि 3 असं लिहिता येतं. किमान तीन आकडे, हा माझा नियम.

नागिओसवाल्यांकडे हेच काम मॅक्स चेक अटेम्प्ट्स करतं, तितक्या वेळा सलग नापास झालं की सॉफ्ट स्टेट हार्ड होते आणि तेव्हाच मेल जातो. ओपनएनएमएसमध्ये त्याला ट्रिगर म्हणतात, ऑपमॅनेजरमध्ये सलग किती वेळा ते विचारतं, लिबरएनएमएसमध्ये अलर्ट रूलला डिले असतो. प्रोमेथियसमध्ये फॉर. नावं वेगळी, काम एकच.

किती वेळ ठेवायचा? कोणाला तरी उठवून तो माणूस लॅपटॉप उघडून लॉगिन करेपर्यंत तसंही 10 मिनिटं जातात. 2 मिनिटांचा स्पाइक तोवर संपलेला असणार. म्हणून कोअर आणि फायरवॉलला मी 5 मिनिटं, ॲक्सेसला 15, आणि सर्व्हरला 20-30 मिनिटांपासून सुरू करते.

खाली उतरण्याचा आकडा वेगळा ठेवा

सोसायटीच्या टाकीवरची ऑटोमॅटिक मोटर बघितली असेल. पाणी खालच्या खुणेच्या खाली गेलं की चालू होते आणि वरच्या खुणेला लागलं की बंद. दोन्ही खुणा एकाच जागी असत्या तर पाणी जरा हिंदकळलं की मोटर चालू-बंद-चालू-बंद करत जळून गेली असती. आपल्या अलार्मचं तेच होतं. 80 ला वाजायचं आणि 80 च्या खाली आलं की क्लिअर, मग सीपीयू 79-81-78-82 असा खेळत बसला की रात्रीत चाळीस मेल, वीस प्रॉब्लेम आणि वीस रिझॉल्व्ह.

हे काही नवं ज्ञान नाही, आरमॉन या नेटवर्क मॉनिटरिंगच्या 1995 च्या स्टँडर्डमध्येच रायझिंग (चढताना) आणि फॉलिंग (उतरताना) असे दोन वेगळे थ्रेशोल्ड आहेत. तरीही आज सिस्टीम बघितल्या की निम्म्या ठिकाणी फॉलिंगचा आकडा भरलेलाच नसतो. मी साधारण 15 ते 20 चं अंतर ठेवते, 80 ला वाजली तर 60-65 च्या खाली काही वेळ राहिल्यावरच क्लिअर. अंतर खूप मोठं ठेवलं तर उलटा त्रास, रोजचाच सीपीयू 50 असेल आणि क्लिअरला 40 टाकला तर अलार्म कधी जाणारच नाही, दिवसेंदिवस लटकत राहील. तेव्हा क्लिअरचा आकडा रोजच्या पातळीच्या वर असायला हवा, हे तपासा.

झॅबिक्समध्ये ट्रिगरला ओके इव्हेंट जनरेशनमध्ये रिकव्हरी एक्स्प्रेशन निवडा आणि तिथे मॅक्स फंक्शन 5 मिनिटांवर लावून 65 पेक्षा कमी असं लिहा, म्हणजे 5 मिनिटांतला सगळ्यात जास्त आकडा पण 65 च्या खाली हवा. चढताना मिन, उतरताना मॅक्स. ओपनएनएमएस आणि ऑपमॅनेजरमध्ये याच आकड्याला रिआर्म म्हणतात.

आता प्रत्यक्ष बदला

झॅबिक्समध्ये मूळ टेम्प्लेटमध्ये जाऊन 90 खोडून 70 करू नका. एक तर ते सगळ्या डिव्हाइसना लागेल, आणि उद्या कोणी टेम्प्लेट अपडेट इम्पोर्ट केलं की तुमचा बदल गायब. त्याऐवजी असं करा:

1. नव्या व्हर्जनमध्ये डेटा कलेक्शन, जुन्यात कॉन्फिगरेशन, त्यात होस्ट्स, आणि हवं ते डिव्हाइस उघडा.
2. मॅक्रोज टॅबमध्ये इनहेरिटेड अँड होस्ट मॅक्रोज निवडा. सीपीयू डॉट यूटिल डॉट क्रिट नावाचा मॅक्रो, म्हणजे थ्रेशोल्डचा आकडा ठेवलेलं नाव, दिसेल, टेम्प्लेटमधून आलेला.
3. त्याच्यासमोर चेंज दाबा, तुमचा आकडा टाका, अपडेट. आता हा आकडा फक्त याच होस्टला लागू.

गटासाठी करायचं असेल तर दोनशे डिव्हाइसवर हाताने करत बसू नका, टेम्प्लेटची प्रत काढा, तिला कोअर-सीपीयू वगैरे नाव द्या, मॅक्रो त्यात बदला आणि त्या गटाला मूळ टेम्प्लेट काढून ही प्रत लावा. रिकव्हरी एक्स्प्रेशनसाठी तर प्रत लागतेच, कारण टेम्प्लेटमधून आलेल्या ट्रिगरचं एक्स्प्रेशन होस्टवर बदलता येत नाही. सिस्कोच्या टेम्प्लेटमध्ये सीपीयूचे ट्रिगर डिस्कव्हरीतून, म्हणजे डिव्हाइसवर काय काय आहे ते टूलने स्वतः शोधून, तयार होतात, म्हणून बदल ट्रिगर प्रोटोटाइपमध्ये करायचा, साध्या ट्रिगर्सच्या यादीत शोधत बसाल तर सापडणार नाही. मी पहिल्यांदा अर्धा तास शोधत होते.

टेम्प्लेट बदलताना अनलिंक आणि अनलिंक अँड क्लिअर असे दोन ऑप्शन येतात, सावकाश वाचा. क्लिअरवालं दाबलं की त्या टेम्प्लेटचे आयटम आणि त्यांचा जुना डेटा सगळा जातो. दोन आठवड्यांचा ग्राफ तुम्ही नुकताच बघितलाय, तो परत नाही येत.

डिव्हाइसकडूनच ओरड येऊ द्या

पोलिंगवर एकट्यावर अवलंबून राहू नका, त्याचं कारण मजेशीर आहे. आयओएसवर एसएनएमपीची उत्तरं देणं हे कमी प्रायॉरिटीचं काम आहे. सीपीयू खरोखर 100 ला गेला की राउटर आधी स्वतःचं बघतो, तुमच्या एनएमएसला उत्तर देत नाही, आणि ग्राफमध्ये नेमकी त्याच वेळेला मोकळी जागा येते. 85, 88, मग काहीच नाही, मग 30. नवीन माणूस म्हणतो पोलिंग फेल झालं होतं, सीपीयूचं काही नाही. म्हणजे ग्राफमधलं भोक हीसुद्धा अलार्मच समजा, पिंग चालू आहे पण एसएनएमपीचा डेटा 10 मिनिटं नाही असा वेगळा ट्रिगर लावून ठेवा.

आणि डिव्हाइसवर हे टाका: प्रोसेस सीपीयू थ्रेशोल्ड टाइप टोटल रायझिंग 80 इंटरव्हल 300 फॉलिंग 60 इंटरव्हल 300. इंटरव्हल सेकंदात आहे, म्हणजे 5 मिनिटं. टोटलच्या जागी इंटरप्ट किंवा प्रोसेस पण घेता येतं. ट्रॅप, म्हणजे डिव्हाइसने स्वतःहून पाठवलेला निरोप, जाण्यासाठी एसएनएमपी सर्व्हर एनेबल ट्रॅप्स सीपीयू थ्रेशोल्ड ही ओळ वेगळी लागते, ती विसरली की डिव्हाइस लॉगमध्ये सीपीयू रायझिंग थ्रेशोल्ड लिहित बसतं आणि तुम्हाला पत्ता नाही. ट्रॅप आणि पोलिंग दोन्हीकडून एकाच गोष्टीची दोन टिकीटं निघणार नाहीत एवढं जुळवा, मी ट्रॅपवर टिकीट काढत नाही, फक्त डॅशबोर्डवर दाखवते.

अलार्म आली, आता काय करायचं ते तिच्यातच लिहा

झॅबिक्सच्या ट्रिगरमध्ये डिस्क्रिप्शन आणि ऑपरेशनल डेटा अशा जागा असतात, त्या रिकाम्या ठेवू नका. माझ्या क्रिटिकलमध्ये असं लिहिलेलं असतं: लॉगिन करा, शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड मारा, पहिली ओळ वाचा. तिथे 5 सेकंदांसाठी 84%/70% असं काहीतरी दिसतं, त्यातला पहिला आकडा एकूण आणि दुसरा त्यातला इंटरप्टचा, म्हणजे पॅकेट हलवण्यात गेलेला. दुसरा मोठा असेल तर ट्रॅफिकचा मामला, इंटरफेसचे आकडे बघा. दुसरा छोटा असेल तर खाली सगळ्यात वरची प्रोसेस बघा. एआरपी इनपुट वर असेल तर लूप किंवा स्कॅनिंगचा संशय, आयपी इनपुट असेल तर पॅकेट हार्डवेअर सोडून सीपीयूकडे येतायत. आणि एसएनएमपी इंजिन वर असेल तर अभिनंदन, गुन्हेगार आपणच, आपलं किंवा दुसऱ्या कुठल्यातरी टीमचं एनएमएस अख्खं राउटिंग टेबल नाहीतर एआरपी टेबल दर काही मिनिटांनी ओढतंय. राखणदारच कुलूप वाजवतोय.

ज्या अलार्मवर हे असं दोन ओळींचं "काय करायचं" लिहिताच येत नाही, ती रात्री कोणाला पाठवू नका, वॉर्निंग करून सकाळच्या यादीत टाका.

वाढवायचा मोह झाला तर

आधी एका ठिकाणी होते, तिथे एक डिस्ट्रिब्युशन स्विच रोज वैताग द्यायचा. कोणीतरी त्याचा आकडा 80 वरून 98 केला, कुठे नोंद नाही. मीही साळसूद नव्हते, माझ्या मेलमध्ये सीपीयू शब्द असला की थेट एका फोल्डरमध्ये टाकायचा रूल होता आणि ते फोल्डर मी महिनाभर उघडलं नव्हतं. एका दुपारी मीटिंग रूमच्या टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं खोचली. लूप. स्विचचा सीपीयू 96 वर जाऊन बसला, 98 ला पोचलाच नाही, आमची स्क्रीन हिरवीगार, आणि आम्हाला कळलं ते युजरच्या फोनवरून, पाऊण तासाने. मॅनेजरनी विचारलं अलार्म का नाही आली, आणि मग चेंज लॉगमध्ये शोधाशोध.

तेव्हापासून वाढवायच्या आधी मी एकच बघते, महिनाभरापूर्वी हा किती होता? आधी 20 वर असायचा आणि आता 55 वर बसतोय तर थ्रेशोल्ड चुकलेला नाही, डिव्हाइस काहीतरी सांगतंय. आधीपासूनच 75-80 वर आहे, युजरची तक्रार नाही, कारण माहीत आहे, तरच वाढवा. आणि ठरलेल्या वेळेचा त्रास असेल, रात्री 2 ते 3 बॅकअप वगैरे, तर आकड्याला हात न लावता तेवढ्या वेळाचा मेंटेनन्स, म्हणजे तेवढ्यापुरती अलार्म गप्प, लावा, नाहीतर एका तासासाठी उरलेले 23 तास आंधळे होतात.

टेस्ट, आणि दोन आठवड्यांनी परत

बदल केला की तो वाजतो का हे बघितल्याशिवाय घरी जाऊ नका. प्रॉडक्शनवर लोड टाकायची अजिबात गरज नाही, एखाद्या लॅबच्या किंवा बिनमहत्त्वाच्या होस्टवर मॅक्रो 1 करा, ठरलेली मिनिटं थांबा, मेल आला का, टिकीट निघालं का, योग्य माणसाला गेलं का बघा, परत मूळ आकडा टाका. इथे एक फसगत होते, रिकव्हरीत 65 लिहिलेलं असतं आणि टेस्ट होस्टचा सीपीयू आधीपासूनच त्याच्या खाली असतो, त्यामुळे मूळ आकडा परत टाकला की अलार्म क्लिअर होते ती सीपीयू उतरला म्हणून नाही, म्हणून उतरणं नीट तपासायचं तर लिनक्सच्या टेस्ट मशीनवर येस कमांड देव नलमध्ये सोडून कोअर खरंच भरा, जितके कोअर तितक्या वेळा, आणि मग बंद करा. ही टेस्ट मशीन कोणाची आहे ते आधी विचारा मात्र.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट्समधलं 100 बिझिएस्ट ट्रिगर्स उघडा, नव्या व्हर्जनमध्ये त्याचं नाव टॉप 100 ट्रिगर्स झालंय. वरचे दहा घ्या आणि प्रत्येकासमोर लिहा, किती वेळा आली आणि त्यातल्या किती वेळा कोणी काही केलं. वीस वेळा आली आणि शून्य वेळा काही केलं, तर पुन्हा पहिल्या पायरीवर, ओआयडीपासून.

हँडओव्हरच्या शीटमध्ये प्रत्येक बदलाची एक ओळ टाका: डिव्हाइस, जुना आकडा, नवा आकडा, किती मिनिटं, का, कोणी, कधी. जुना आकडा लिहायचा कंटाळा करू नका. पहाटे 4 वाजता बदल परत फिरवायची वेळ येते तेव्हा ज्याने केला तो झोपलेला असतो, आणि फोन सायलेंटवर.